हरणांची पंगत

कांबळेसर रानातल्या हरणांना चारण्याआधी पाला स्वतः चावून बघतात. चिकोरीचं पान तोंडात टाकायचं आणि निकाल द्यायचा, "कडू झालीय. कापायला हवी."

हॅमिल्टनच्या एका डेअरी कंपनीत आम्ही बरोबर काम करतो. सरांचं घर शहराबाहेर, जंगलाला लागून. मागच्या पॅडकमध्ये, म्हणजे घरामागच्या कुरणात, त्यांनी खास हरणांसाठी पेरणी केलीय. मातीत चुना घातला, वसंतात क्लोव्हर आणि चिकोरी पेरली, थंडीसाठी सलगम. एका तुकड्याला कुंपण घालून तो वाढू द्यायचा, तोवर दुसरा खुला. "सगळं एकाच पंगतीला वाढलं तर पुढच्या पंगतीला काय?" असं त्यांचं म्हणणं. आम्ही गेलो की चहासुद्धा कुजबुजत प्यावा लागतो. माझी मुलगी एकदा शिंकली, तर सरांनी हरणांच्या दिशेनं हात जोडले.

इथे लोक असा चारा लावतात तो शिकारीसाठी. त्यामुळे शेजारचा ग्रॅहम चक्रावला. "मेट, हरणं म्हणजे नुसता उपद्रव. माझं गवत संपवतात. तू त्यांना चारतोस, आणि मारूही देत नाहीस?"

"माझ्याकडे जेवायला आलेल्यावर बंदूक चालणार नाही," सर म्हणाले. त्यावरून दोघांचं बोलणं तुटलं. ग्रॅहमची बायको जूडी तेवढी कुंपणावरून लिंबं देत राहिली.

या हिवाळ्यात जूडी गेली. ग्रॅहम घराबाहेर पडेना. सर डाळभात घेऊन गेले, पण त्यानं दार उघडलं नाही. मग एका संध्याकाळी सरांनी बाहेरूनच हाक मारली, "ग्रॅहम, हरणं आलीत. बंदूक घेऊन ये."

ग्रॅहम आला. दोघं सरांच्या मागच्या पायरीवर बसले. सलगमात एक मादी आणि तिचं पाडस चरत होतं.

"मग?" सर नंतर हे सांगत होते, तेव्हा मी विचारलं.

"मला काय माहीत? मी डोळे घट्ट मिटून, कानात बोटं घालून बसलो होतो. बऱ्याच वेळानं बघतो तर बंदूक बाजूला ठेवलेली, आणि हा नुसता बघतोय. म्हणाला, जूडीला हे दाखवायला हवं होतं."

"पण त्यानं मारलं असतं तर?"



"तर मारलं असतं. घराबाहेर तर पडला असता ना!"