पाण्याच्या टाकीपलीकडे

"पसंत नाही पडला तर रविवारपर्यंत परत आणा. नंतर तो तुमचा," असं सांगून दुकानदाराने कॅमेरा दिला. ही सवलत दुसऱ्या कोणाला दिली असती तर काही बिघडलं नसतं. पण गिऱ्हाईक होतं वजनमाप खात्यातले निवृत्त इन्स्पेक्टर! दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात सगळी हयात गेलेली. घरात नवा कुकर आला तरी पहिले चार दिवस तो चाचणीवर असायचा. लग्नाला इतकी वर्षं होऊनही आपण पास झालो की अजून चाचणीवरच आहोत, हे त्यांच्या बायकोलाही नक्की ठाऊक नव्हतं.

ही बायको शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. सगळी बिल्डिंग तिला बाई म्हणायची आणि घाबरल्यावर इन्स्पेक्टरही म्हणायचे.

"मोबाईलमध्ये आहे की कॅमेरा," बाई म्हणाल्या.

"मोबाईलचा झूम म्हणजे शुद्ध फसवणूक. चित्र नुसतं ताणून मोठं करतो. इथं भिंग स्वतः पुढे जातं. हे बघ!"

त्यांनी कळ दाबली. भिंग गुरगुरत पुढे आलं आणि टेबलावरचा दुधाचा ग्लास आडवा करूनच थांबलं.

"एकच अट," दूध पुसता पुसता बाई म्हणाल्या. "घरच्या रोजच्या उपयोगाचा निघाला तर ठेवायचा. नाहीतर रविवारी परत."

घरात तर तो सपशेल नापास झाला. ट्यूबलाइटच्या उजेडात बाईंचा फोटो काढला, तो रव्यासारखा दाणेदार आला.

"ही मी आहे का माझी आई?"

"उजेड कमी पडलाय गं."

"वय जास्त झालंय म्हणा ना सरळ."

मग इन्स्पेक्टरांनी गॅलरीत मुक्काम हलवला. चौथ्या मजल्यावरून समोरचा रस्ता सरळसोट दिसायचा. आधी दुकानं, मग पाण्याची टाकी, मग बागेचं फाटक आणि अगदी टोकाला बेकरी. दिवसभर कळा दाबून त्यांनी निकाल दिला, "टाकीपर्यंत माणूस ओळखू येतो. टाकीपलीकडे सगळं हलतं. ही कॅमेऱ्याची मर्यादा."

बाई माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचत होत्या. शाळेची सवय. "यात लिहिलंय की लांबचं काढताना कॅमेरा कशावर तरी टेकवा. हात हलतो म्हणे."

"हात हलतो? माझा? या हातांनी सोनारांचे काटे तपासलेत! टेकू लागतो तो कच्च्या माणसाला."

विषय तिथेच संपला. संध्याकाळ झाली होती आणि इन्स्पेक्टरांची फिरायला जायची वेळ झाली होती. रक्तातली साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी गोड बंद करून रोज चालायला सांगितलं होतं. चालायला ते एक दिवस चुकत नसत, तरी साखर काही उतरायचं नाव घेत नव्हती. लॅबचं मशीनच एकदा तपासायला हवं, असं त्यांचं ठाम मत होतं. बाईंनी मात्र काळजीने डॉक्टर बदलायचं मनात घेतलं होतं. रात्री त्यांना झोप लागत नव्हती.

कॅमेऱ्याचा पहिला घरगुती उपयोग दुसऱ्याच दिवशी सापडला. बाईंचे पडदे शिंप्याकडे कधीचे पडून होते. बाईंनी फोन लावला, तेव्हा इन्स्पेक्टर गॅलरीत कॅमेऱ्याला डोळा लावूनच होते.

"मशीनवरच बसलोय, बाई. तुमचेच पडदे चाललेत," शिंपी म्हणाला.

इन्स्पेक्टरांनी फोन ओढून घेतला. "मशीनवर तू नाहीस, तुझे पाय आहेत. आधी ते खाली घे. आणि पेपर उलटा धरलायस."

टाकीच्या अलीकडच्या दुकानात शिंपी ताडकन उभा राहिला आणि छताकडे बघू लागला. संध्याकाळी पडदे घरपोच आले.

बातमी बिल्डिंगभर पसरली. जो तो काहीतरी काम घेऊन यायला लागला. प्लंबर निघाला का बघा, दवाखान्यात गर्दी आहे का बघा. इन्स्पेक्टरांना खात्याचे दिवस परत आल्यासारखं वाटलं. बिल्डिंगचे सेक्रेटरी गच्चीच्या गळतीची मीटिंग चुकवायला 'बाहेरगावी' गेले होते. ते समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पत्ते खेळताना दिसले. इन्स्पेक्टरांनी लगेच फोटो काढला आणि मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवला.

सेक्रेटरी 'गावाहून' तडक त्यांच्या दारात हजर झाले. "हे काय चाललंय? माणसाने गच्चीत गंजीफ्रॉकवर बसायचं की नाही?"

"बसा की. खांद्याशी उसवलाय तेवढा बदला."

झालं! आसपासच्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या. ज्यांच्याकडे पडदे नव्हते त्यांनी शिवायला टाकले आणि शिंप्याकडे कामाचा ढीग लागला. पण बाईंच्या मैत्रिणी गॅलरीतून हात करेनाशा झाल्या. जिन्यात भेटली तर माणसं गप्प व्हायची.

"शोभा झाली तेवढी पुरे," शनिवारी बाई म्हणाल्या. "उद्या परत."

इन्स्पेक्टरांचा चेहरा पडला. कॅमेऱ्यावर जीव जडला होता बिचाऱ्याचा. "असं कसं? विकत घेणाऱ्याने तपासणं ही अर्धी तपासणी. आमच्या खात्यात शेवटची चाचणी नेहमी त्रयस्थ माणूस करायचा. आज तू कर. मी नेहमीसारखा फिरायला जातो, तू गॅलरीतून फोटो काढ. टाकीपर्यंत मी ओळखू आलो तर ठेवायचा."

"आणि टाकीच्या पुढे?"

"पुढचं सोडून दे. तिथं तो आंधळाच आहे," असं म्हणून इन्स्पेक्टर खुशीत जिना उतरले.

बाईंनी इस्त्रीचं टेबल ओढत गॅलरीत आणलं. वर टॉवेलची घडी ठेवली, घडीवर कॅमेरा टेकवला. बटण दाबल्यावर जरा थांबून फोटो निघावा, अशीही सोय पुस्तकात दिली होती. बाईंनी तीही लावली. पुस्तकात दिलंय म्हटल्यावर त्या काय सोडणार होत्या?

इन्स्पेक्टर मिशा पुसत परत आले. "मग? दिसलो?"

"दिसलात."

"टाकीपर्यंत?"

"टाकीपर्यंत दिसलात. बागेच्या फाटकाशी दिसलात. फाटकातून आत न जाता पुढे गेलात, तेही दिसलं. बसा."

इन्स्पेक्टर बसले. बाईंनी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. बेकरीसमोरचा बाक, बाकावर इन्स्पेक्टर, हातात क्रीमरोल. पाटीवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

"हा पहिला रोल. हा दुसरा. आणि या फोटोत बेकरीवाल्याला काय एवढं बोट नाचवून सांगताय?"

"वजनात कमी भरतो गं हल्ली," इन्स्पेक्टरांच्या तोंडून निसटलं. "गेल्या महिन्यापेक्षा बराच."

"म्हणजे गेल्या महिन्यातही!" बाईंनी कॅमेरा खाली ठेवला. "मी इथं जीव टांगणीला लावून बसलेय. त्या लॅबवाल्याला नाही नाही ते बोलून आलेय."

इन्स्पेक्टर खाकरले. "बाई, मी काय म्हणतो, कॅमेरा उद्या परतच करू. घरात फोटो दाणेदार येतात. दूध सांडलं. शेजारी दुखावले ते वेगळेच."

"मुळीच नाही. घरच्या रोजच्या उपयोगाचा आहे. शेजाऱ्यांना मी सांगते, आता तो एकाच माणसावर चालणार आहे." बाईंनी पुन्हा फोटो बघितला आणि इतका राग येऊनही त्यांना हसू आवरेना. "काही म्हणा, चेहऱ्यावरचा आनंद काय स्वच्छ आलाय! आपल्या लग्नाच्या फोटोत शोधून सापडत नाही."

सोमवारी संध्याकाळी इन्स्पेक्टर फिरायला बाहेर पडले आणि थोड्याच वेळात बाईंचा फोन वाजला. शिंपी दबक्या आवाजात बोलत होता.

"बाई, साहेब येऊन गेले आत्ता. बेकरीच्या बाकापुढे लावायला एक जाडसा पडदा शिवून मागतायत. शिवू का?"

बाईंनी इस्त्रीच्या टेबलावरच्या कॅमेऱ्यातून बघितलं. शिंपी खरंच मशीनवर बसला होता, पाय खाली होते.

"शिवा की," बाई म्हणाल्या. "फक्त घाई करू नका. माझे शिवत होतात ना, तसाच आरामात शिवा. आणि पाय घ्या वर."