जांभळ्या शिंगांचा पोर्टफोलिओ

"उन्हाळ्यात समदी शेरडं धरणालाच येतेत, बाई. मग तुझे तीन गावं कुठं ऱ्हातेत?" बानाबाईंनी सुनेला आधीच सांगितलं होतं. योगिनीनं मान हलवली आणि लॅपटॉपवरचा तक्ता पुढं सरकवला. सासूबाईंचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं, पण गुंतवणुकीचा ऑनलाइन कोर्स काही त्यांनी केला नव्हता.

योगिनीनं केला होता. जूनमध्ये लेकीला शाळेत घालायचं होतं. प्रवेशाचे साठ हजार बँकेत ठेवावेत तर महागाई खाणार, शेअरमध्ये घालावेत तर बाजार खाणार. कोर्स म्हणत होता, एकाच वेळी पडणार नाहीत अशा गोष्टींत पैसे वाटा. शेळीचा शेअर बाजाराशी काडीचा संबंध नाही, हे तिला फार आवडलं. तिनं सहा शेळ्या घेतल्या आणि बिडकीन, ढोरकीन, गंगापूर इथं दोन-दोन वाटून दिल्या. राखणाऱ्याला अर्धी पिल्लं. एका गावात रोग आला तरी दोन गावं शाबूत. ओळखू याव्यात म्हणून शिंगं जांभळी रंगवली. घरामागं बांधलेला सासूबाईंचा बोकड मात्र तक्त्यात घेतला नाही.

"ती गुंतवणूक नाही, आई. ती तुमची सवय आहे."

मे महिन्यात तिन्ही गावांतला चारा संपला. तिघे राखणारे, एकमेकांना न विचारता, कळप घेऊन पैठणला धरणाच्या हिरव्या काठाला उतरले. तिथं साही शेळ्यांचं जमलं आणि त्या मिळून एकाच्या मक्यात शिरल्या. त्यांच्यामागं शिरलेल्या बाकीच्या पांगल्या, जांभळ्या शिंगांच्या मात्र शेतमालकानं नेमक्या हेरून कोंडवाड्यात घातल्या. बिडकीनच्या राखणाऱ्याचा, मुंजाबाचा फोन आला.

"ताई, भिऊ नगा. समद्या एकाच जागी हायेत."

योगिनीला नेमकी याच वाक्याची भीती होती. आठवड्यात दंड आणि मक्याची भरपाई दिली नाही तर लिलाव, आणि घरात रोकड नाही. गल्लीतले शौकतभाई ईदसाठी बोकड बघतच होते. सवय चांगल्या भावानं विकून बानाबाईंनी एसटी पकडली, शेळ्या सोडवल्या आणि कळवलं, "आता मीच राखते. जूनला इकूनच येते."

योगिनीनं तक्ता उघडला. सहा शेळ्या, लेकीची शाळा, सगळी मदार आता एकाच बाईवर. आणि ती बाई चार दिवस फोन उचलत नाही.

तेव्हा पैठणकडं कुणी जाणार असाल तर धरणाच्या काठाला जांभळी शिंगं दिसतील. मागं हिरव्या लुगड्यातली म्हातारी असेल. शेळ्या मोजू नका. ती जेवली का, तेवढं विचारून या.