दर रविवारी पडणारे दिघेकाका

बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातले दिघेकाका दर रविवारी सकाळी पाण्यात पडतात. पाय घसरून नव्हे. व्यवस्थित नाश्ता करून, चष्म्याला दोरी बांधून, जीपच्या टपावर होडी चढवून ते गावाबाहेरच्या तलावावर जातात आणि पडतात.

होडी नवशिक्यांची. एक शीड, एक सुकाणू आणि एका दिघेकाकांपुरती जागा. रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, काकांनी मुंबईहून ही जुनी होडी आणली. आठवडाभर ती जिन्याखाली असते, त्यामुळे बिल्डिंगमधल्या सगळ्या स्कूटर बाहेर उन्हात. तक्रार केली की काका म्हणणार, "वांधो नथी," म्हणजे काही हरकत नाही. एवढ्या गुजरातीवर त्यांचा अख्खा जन्म निभावलाय. स्कूटर तापली, वांधो नथी. चहात साखर नाही, वांधो नथी.

बडोद्याच्या नदीत मगरी आहेत, त्यामुळे इथे पाण्यात पडणाऱ्याला कोणी पोहता येतं का विचारत नाही, मगर होती का विचारतात. तलावावरच्या चौकीदाराने पहिल्याच दिवशी "साहेब, अहीं मगर नथी" असं शपथेवर सांगितलं, तरी काकूंनी गणपतीला नारळ बोललाच.

माझं काम काठावर उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढायचं. परतताना सेव-उसळ मिळते, आणि सेव-उसळीपुढे माझ्या रविवारच्या झोपेचं काही चालत नाही. होडी काठाजवळ येते, कलते, काका धप्पकन पाण्यात. मग उलटलेल्या होडीच्या पोटाखालच्या फळीवर उभे राहून ते तिला सरळ करतात, धापा टाकत आत चढतात आणि माझ्याकडे बघून ओरडतात, "वांधो नथी!" असं वर्षभर चाललं. मला त्यांची कीव यायची. इतकं करून माणूस शिकत कसा नाही?

मागच्या थंडीत एकदा माझ्या मोबाइलमधली जागा संपली आणि त्यांचं पडणं निघालंच नाही. मी ओशाळून तसं सांगितलं. काका कुडकुडत होते. "ती गुड मॉर्निंगची फुलं काढून टाका," म्हणाले, "मी परत पडतो." आणि ओलेत्यानेच निघाले. वारा भन्नाट होता. त्यांनी पार पलीकडच्या टोकाला जाऊन होडी अशी सफाईने वळवली आणि नेमकी माझ्यासमोर आणली, की मी बघतच राहिलो. "चालू आहे?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. काका पडले.

सेव-उसळ पुढ्यात आल्यावर मी भांडायलाच बसलो. "काका, तुम्हाला उत्तम येतं की! मग हे नाटक कशाला?"

काकांनी पाव मोडला. "आमची ईरा," ते म्हणाले. ईरा त्यांची नात, नऊ वर्षांची, ऑकलंडला असते. "तिकडे मुलांना अशीच होडी शिकवतात. गेल्या वर्षी हिची उलटली, ही क्षणभर खाली अडकली. तेव्हापासून पाण्याजवळ जात नाही. आमच्याशीही फोनवर बोलेनाशी झाली. इतक्या लांबून पोरीला समजावणार कसं? म्हटलं, निदान पडून दाखवू."

काका पाठवतात ते व्हिडिओ ईरा बघते, एवढंच सूनबाई कळवायच्या. तिचं स्वतःचं उत्तर वर्षभरात एकदाही आलं नव्हतं. मला माझ्या कीव करण्याची लाज वाटली.

आता परवाचा रविवार. काका काठावर शीड चढवत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर ईरा. केस ओले, अंगात लाइफ जॅकेट, मागे पाणी.

"आजोबा, मी आज होडीत बसले," ती अडखळत म्हणाली. "आणि पडले."

काकांचा हात दोरीवर तसाच राहिला. "मग?"

"मग काय? वांधो नथी!"

फोन ठेवल्यावर काका होडी घेऊन निघाले. मी सवयीने मोबाइल काढला, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. तलावाला तीन फेऱ्या मारल्या, एकदाही पडले नाहीत.

घरी काकू नेहमीप्रमाणे दारात टॉवेल घेऊन उभ्या होत्या. काकांना कोरडं पाहून चक्रावल्या. "आज वारा नव्हता का?"

"होता," काका म्हणाले, आणि तरीही टॉवेल घेऊन बराच वेळ तोंड पुसत राहिले.