डावीकडचा आवाज

गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या गेटमधून रोज सकाळी तांदळाची दोन पोती सीटबेल्ट लावून फिरायला जायची. पांढरी इलेक्ट्रिक एसयूव्ही, चालवायला सबनीसकाका आणि शेजारच्या सीटवर एकावर एक रचलेली सोना मसुरी. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं पहिल्या दिवशी वाकून आत पाहिलं. "सर, गेस्ट?" त्यानं विचारलं. "वजन," काका म्हणाले. त्यानं सॅल्यूट ठोकला आणि दांडा वर केला.

दिनकर सबनीस आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडच्या फ्लॅटमध्ये राहतात. बेंगळूरूच्या सर्जापूर रोडवरच्या आमच्या टॉवरमध्ये बाकी सगळे माझ्यासारखे, आयटीतले, लॅपटॉपसमोर जेवणारे. काकांची जात वेगळी. सरकारी कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी इंजिनं तपासण्यात घालवली. इंजिन टेस्ट बेडवर चढवायचं, चालू करायचं आणि ते कुठे थरथरतंय, कुठे कुरकुरतंय हे शोधून काढायचं. "मला सरकारनं ऐकायचा पगार दिला," असं ते अभिमानानं सांगतात. रिटायर झाले तरी ऐकणं काही सुटलं नाही. एकदा माझ्या दाराची बेल वाजवून म्हणाले, "मृणाल, तुझ्या मिक्सरचं बेअरिंग चाललंय." मी म्हटलं, काका, चटणी होतेय, अजून काय पाहिजे. आठवड्याच्या आत मिक्सरनं राम म्हटला.

लिफ्टमध्ये तर त्यांच्याबरोबर चढायची सोय नाही. मध्येच बोट वर करतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "ऐकू आलं?" आपल्याला काहीच ऐकू आलेलं नसतं, पण जीव मुठीत धरावा लागतो. नवव्या मजल्यावरच्या मिसेस राव काका दिसले की गुडघे दुखत असूनही जिना धरतात.

रिटायरमेंटनंतर काकांनी ही इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि त्यांच्या नादानं आम्हीही तीच घेतली. गाडी चालते झकास. चालते तेव्हा. एकदा ऐन बेळ्ळंदूरच्या गर्दीत तिचा स्क्रीन काळा झाला. एकदा चार्जिंगची गन अशी अडकली की मॉलच्या पार्किंगमध्ये आम्ही खुंटीला बांधलेल्या म्हशीसारखे बसून होतो. मोठी बॅटरी गच्च भरलेली आणि आतली छोटी बॅटरी मेलेली, म्हणून दारच उघडेना, हा प्रकार तर दोनदा झाला. घरात धान्याचं कोठार भरलेलं आणि चुलीला काडेपेटी नाही, त्यातली गत. गाडीवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर सकाळ-संध्याकाळ असल्याच कहाण्या. कुणाचा एसी गेला, कुणाची गाडी अपडेट घेता घेता झोपली, कुणाला पार्टसाठी महिनाभर थांबायला सांगितलंय. सगळे एकमेकांची समजूत घालतात आणि नव्या गिऱ्हाइकाला गाडी घेच म्हणून सांगतात.

या ग्रुपवर दिवाळीनंतर काकांचा संदेश आला. "डावीकडून बारीक सूर येतो. सलग. काळी चारचा वरचा पंचम असावा. आणखी कुणाला?" मग कुणीतरी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं.

तिथून त्या आवाजाचा पाठलाग सुरू झाला. सर्व्हिस सेंटरमध्ये मंजुनाथ नावाचे सल्लागार आहेत, पन्नाशीचे, शांत. काका दर आठवड्याला त्यांच्यासमोर उभे. मंजुनाथ बिचारे डावीकडे बसायचे, दोघं रिंग रोडला चक्कर मारून यायचे आणि मंजुनाथ उतरता उतरता म्हणायचे, "एनू सद्द इल्ला सर." कसलाही आवाज नाही. काका म्हणायचे, "सरी, ठीक आहे. आता नाहीये. तुम्ही उतरलात की येईल." आणि ते उतरले की यायचा. तरी त्यांनी काकांच्या हट्टापायी डाव्या दाराचं रबर बदललं, मग पुढच्या चाकाचं बेअरिंग, मग मोटरचे माउंट. आवाज जागच्या जागी.

मीही बसून पाहिलं. मी सॉफ्टवेअर तपासते. आमच्या धंद्यात सगळ्यात सोयीचं वाक्य म्हणजे "माझ्याकडे होत नाहीये." ते मी काकांना ऐकवलं. काका चिडले.

"तू बसतेस म्हणून होत नाही! कुणीही बसलं की तो बंद होतो. मी एकटा असलो की येतो. आता यातून काय निष्पन्न होतं?"

काय निष्पन्न होतं ते मला आणि अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं, पण तोंडावर कोण बोलणार? मिसेस राव एकदा म्हणाल्या, कान दाखवून या. काकांनी तेही केलं. डॉक्टरांनी सांगितलं, या वयात असे कान मी पाहिले नाहीत. तो रिपोर्ट त्यांनी लॅमिनेट करून गाडीत ठेवला आणि मंजुनाथना भेटीगणिक दाखवला.

मग त्यांनी वजनाचा सिद्धान्त काढला. माणूस बसला की सीट दबते, सीट दबली की खालचं काहीतरी दबतं आणि आवाज थांबतो. म्हणून ती पोती. बेल्ट लावला नाही तर गाडी टुणटुण करते, म्हणून त्यांना बेल्ट. आठवडाभर त्यांनी तांदळाला सगळं बेंगळूरू दाखवलं आणि एका संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"वजन नाही," ते म्हणाले. "आवाज येतोच. म्हणजे जे काय आहे ते माणसात आहे आणि पोत्यात नाही."

मी दार लावून पोट धरून हसले. नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. जेवताना पुन्हा ते वाक्य आठवलं, आणि या खेपेला मात्र मला हसू येईना.

उषाकाकू, म्हणजे काकांच्या बायको, त्या दिवाळीआधीच्या श्रावणात गेल्या. पोटाचं दुखणं निघालं आणि हां हां म्हणता सगळं आटोपलं. या बाईंनी माझ्यासमोर कधी दोन मिनिटं तोंड मिटल्याचं मला आठवत नाही. मिरजेहून लग्न होऊन इथे आल्या तेव्हा कानडीचं अक्षर येत नव्हतं. मग काकांच्या स्कूटरवर मागे बसून दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं लावायला लागल्या आणि तशाच वाचायला शिकल्या. पुढे चांगलं फर्डं कानडी बोलत, भाजीवाल्याशी भांडण्याइतकं, पण गाडीत बसलं की पाट्या मोठ्यांदा वाचायची सवय गेली नाही. "बेकरी. टायर. दातांचा दवाखाना. अहो, डावीकडून स्कूटर येतेय. अहो, ही बेकरी नवीन दिसते." काका कपाळाला आठ्या घालून "हं" म्हणायचे. एकदा दोघांनी मला इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात सोडलं होतं. मी मागे बसले होते. पोचेपर्यंत माझं डोकं उठलं, आणि काका मात्र आरशातून माझ्याकडे बघून मिश्कील हसत होते.

मी एकदा भीत भीत विचारलं, काका, हा आवाज काकू असताना होता का हो?

"असणारच," ते लगेच म्हणाले. "गाडीत होताच तो. तिच्या बोलण्याखाली दबून जायचा. आमच्यात त्याला मास्किंग म्हणतात. मोठ्या आवाजापाठी बारीक आवाज लपतो. आता मोठा आवाज बंद झाला, म्हणून हा ऐकू यायला लागला. साधं आहे."

हे सगळं त्यांनी कारखान्यातल्या पोरांना शिकवावं तसं शिकवलं.

शेवटी कंपनी कंटाळली. मंजुनाथनी सांगितलं की, सर, वरून निरोप आलाय, एक शेवटची तपासणी करू, त्यात काही निघालं नाही तर तक्रार बंद. काकांनी आव्हान घेतलं. इतकंच नाही, वर पैज लावली. "काही निघालं नाही तर गाडी विकून टाकीन," ते मला म्हणाले. "ज्याचा आपल्या कानांवर भरवसा राहिला नाही त्यानं स्टिअरिंग धरू नये." हे ते हसत म्हणाले नाहीत. जन्मभर एका गोष्टीच्या जोरावर उभा राहिलेला माणूस ती गोष्ट पणाला लावत होता, आणि हरणार हे त्याच्याखेरीज सगळ्यांना दिसत होतं. मला फार वाईट वाटलं.

तपासणीची रीत त्यांनीच आखून दिली. माणूस बसला की आवाज जातो, म्हणून माणूस नको. डाव्या सीटच्या डोक्याशी माइक बांधायचा, मागे रेकॉर्डर ठेवायचा आणि काकांनी नेहमीसारखं एकट्यानं एक चक्कर मारून यायचं. "यंत्राला लाजलज्जा नसते," ते म्हणाले. "जे असेल ते सांगून टाकतं." मला त्यांनी साक्षीदार म्हणून नेलं. त्या दिवशी मी घरून काम करत होते, म्हणजे तसं ऑफिसला सांगितलं होतं.

काका चक्कर मारून आले आणि हात धुवायला गेले. मंजुनाथनी रेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडला. मोठ्या अपेक्षेनं नव्हे, रीत म्हणून. स्पीकरमधून टायरांची बारीक सरसर आली, आणि मग काकांचा आवाज.

"हो, दिसली स्कूटर."

मग शांतता.

"अगं, सिग्नल सुटू दे." शांतता. "ती बेकरी बंद झाली बघ. तिथे आता मोबाइलचं दुकान आलंय." शांतता. "हं." शांतता. "पुलावरून जाऊ की खालून?" पुन्हा शांतता, जराशी लांब. "बरं. खालून."

मंजुनाथना मराठी येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, सर फोन पे बात कर रहे थे क्या?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते? माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि मी ओढणीनं चष्मा पुसत बसले.

काका रुमालाला हात पुसत आले तेव्हा मी घाईनं म्हटलं, काका, काही नाही निघालं, चला घरी. पण ते कसले ऐकतात. हेडफोन ओढून घेतला, कानांवर घट्ट दाबला आणि डोळे मिटले. टेस्ट बेडसमोर ते असेच उभे राहत असणार. त्यांचं पहिलं वाक्य आलं तसा त्यांचा चेहरा ताठ झाला. पुढे त्यांनी काहीच हालचाल केली नाही. सगळं संपेपर्यंत ऐकलं. मग मंजुनाथना खूण करून मागे न्यायला लावलं, आणखी मागे, आणि स्क्रीनवर उमटलेल्या आवाजाच्या रेघेवर एका जागी बोट ठेवलं. 'पुलावरून जाऊ की खालून' आणि 'बरं' यांच्या मधल्या जागेवर.

"इथे," ते म्हणाले. "इथे येतो तो."

मंजुनाथ पुढे वाकले. तिथे रेघ जवळजवळ सरळ होती. "सर, इल्ली एनू इल्ला," ते हळूच म्हणाले. इथे काहीच नाही.

"हो ना," काका म्हणाले. "काहीच नाही."

हेडफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिच्या उत्तराची जागा आहे ती, मृणाल. तिथे वाजतं." थोड्या वेळानं म्हणाले, "मी बोलतो, हे मला माहीत नव्हतं गं. ती होती तेव्हा कधी धड बोललो नाही."

मंजुनाथना काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. त्यांनी उठून काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं. काका पाणी प्यायले आणि खणखणीत आवाजात त्यांनी सांगितलं, "कंप्लेंट क्लोज माडी, बंद करा. गाडी उत्तम आहे. ग्रुपवरही मी तसं लिहीन." मी विचारलं, मग विकणार नाही ना? "कशाला?" ते म्हणाले. "दोष सापडला. आता त्याच्यासकट चालवायची."

परत येताना मी डावीकडे बसले. वाटेत काही आवाज म्हणून येऊ द्यायचा नाही, असं मनाशी ठरवून मी बडबड सुरू केली. ऑफिस, मॅनेजर, मुलीची परीक्षा, मिसेस रावांचे गुडघे. काका "हं, हं" करत होते. बेळ्ळंदूरच्या अलीकडे गाड्या तुंबल्या तशी माझ्याजवळच्या गप्पागोष्टी संपल्या. गाडीत काही म्हणता काही ऐकू येईना. काकांनी पुढच्या रांगेकडे बघत विचारलं, "सर्व्हिस रोडनं जाऊ, की सरळ?"

सरळ, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. सर्व्हिस रोड त्या वेळी गच्च भरलेला असतो, मला रोजचा पाठ आहे. पण विचारताना काकांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मी तोंड मिटून खिडकीबाहेर बघत राहिले.

काका थोडा वेळ थांबले. मग "बरं," म्हणाले, आणि त्यांनी गाडी सर्व्हिस रोडला घेतली.