चुरीसरांचं लोणचं आणि अनोळखी माणसं

आमचे शेजारी चुरीसर लग्नाला जेवायला जात नाहीत, चाखवायला जातात. खांद्यावरच्या झोळीत चिकूच्या लोणच्याची बरणी, खिशात आइस्क्रीमचे लाकडी चमचे. पंगतीत जो अजिबात ओळखीचा नाही, नेमकं त्याच्यासमोर वाकून म्हणतात, "पाहुणे, जिभेवर ठेवा आणि खरं बोला."

डहाणूत चिकूचं कोणाला काय कौतुक! पण शाळेतून निवृत्त झाल्यावर सरांनी त्याचं लोणचं घालायला घेतलं आणि गावाची स्वस्थता गेली. मी आपणहून चाखायला गेलो, तर म्हणाले, "तुझं मत बाद. रोज माझ्याकडचा पेपर नेतोस, वाईट कशाला म्हणशील? ओळखीची जीभ लाजते."

परक्यांनीही नुसतं 'छान' म्हटलेलं चालत नाही. डहाणू रोड स्टेशनच्या बाकावर एक गुजराती काका "बहु सरस" म्हणाले, तर सर त्यांना चिकटूनच बसले. "सरस म्हणजे? तिखट सरस की आंबट सरस?" काकांची गाडी आली आणि निघूनही गेली. शेवटी काका कावले, "मेथी कडवी छे!" सरांचा चेहरा असा खुलला, जसं काही बक्षीसच मिळालं. "याला म्हणतात मत!"

चिंचणीला एकांच्या दहाव्यालाही सरांनी बरणी काढली. मी डोळे वटारले, पण तोवर गेलेल्या म्हाताऱ्यांच्या जावयाने चमचा तोंडात घातला होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मिरची जास्त?" सरांनी हळूच विचारलं.

"जास्तच. पण बरं झालं," तो कुजबुजला, "सकाळपासून रडूच येत नव्हतं. सासूबाई बघत होत्या."

गेल्या मे महिन्यात तलासरीला माझ्या ऑफिसातल्या मित्राच्या मुलीचं लग्न होतं. सरांना मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. उतरल्या उतरल्या ते कामाला लागले. पंगतीमागून पंगती उठल्या. मी जेवून, पान खाऊन आलो तरी सर मांडवात फिरतच होते. शेवटी सायवनहून आलेल्या नवरीच्या आजीपुढे त्यांनी चमचा धरला.

आजीने चमचा बाजूला सारला. "ते राहू दे. तू जेवलास का बाबा?"

सर गडबडले. "मी... घरी जाऊन बघतो काहीतरी."

"घरी कोण हाय वाढायला?"

"कोणी नाही. एकटाच असतो."

आजीने त्यांचं मनगट धरलं आणि सरळ पाटावर बसवलं. आचारी भांडी आवरत होते, त्यांच्याकडून तिने भात आणि वरण आणलं. स्वतःच्या हाताने वाढलं, मागितलं नसताना आणखी वाढलं. सर मान खाली घालून जेवू लागले.

कोणीतरी आतून हाक मारली. आजी गुडघ्यांवर हात टेकून उठू लागली, तसा सरांचा घास हातातच थांबला.

"मावशी," ते म्हणाले, "बसा ना जरा. मी सावकाश जेवतो."

आजी पुन्हा खाली टेकली आणि पदराने त्यांच्या पानावरच्या माशा वारू लागली.