जीव, पाय आणि शेपूट

आमच्या कारखान्यात इंजिनाचं एक विलायती चाक जास्तीचं आणून ठेवलेलं होतं. त्याची किंमत आठवली की शेठजींना ठसका लागे. ते चाक बाहेर निंबाखाली उघड्यावर पडलेलं असे आणि त्याच्या आडोशाला कोंबडी अंडी घाली. गूळ मात्र कोठारात, दोन कुलपांच्या आत. ही व्यवस्था कोठारवाल्या नानांची.

जळगावच्या त्या जिनिंग कारखान्यात, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी करतात तिथे, मी नानांच्या हाताखाली कारकून म्हणून लागलो तेव्हा लढाई सुरू झाली होती. विलायती माल मिळेनासा झाला होता. “आता कोठार सांभाळणं हेच खरं काम,” असं शेठजी मला म्हणाले आणि नानांच्या स्वाधीन करून निघून गेले. पुढची तीन वर्षं मी गोंधळलेलाच होतो.

नाना धुळ्याकडचे. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की ते चालू लागले की बैलगाडी येतेय असं वाटे. कामापुरती शुद्ध मराठी बोलत. रागावले किंवा रंगात आले की अहिराणी सुरू. आणि नाना बहुतेक वेळ एकतर रागावलेले असत, नाहीतर रंगात आलेले.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला शहाणं करून सोडलं. “भाऊ, कोठारमा तीनच भाग. जीव, पाय आनि शेपूट. जीव गया तर बैल मरस. पाय गया तर लंगडस. शेपूट गयं तर फक्त माश्या बसतस.”

वस्तू कोठारात आली की ते तिच्याकडे बघून एकच विचारत, “कोनं अडी?” कुणाचं अडेल? किमतीशी त्यांना देणंघेणं नव्हतं. यंत्राचे पट्टे शिवायची चामड्याची वादी कवडीमोलाची, पण ती नसली तर सगळं बंद. म्हणून ती जीव. ते विलायती चाक बदलायची वेळ अजून कधी आलीच नव्हती, म्हणून शेपूट. इथपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं.

“पण नाना, गूळ जीवात कसा? गुळाशिवाय बॉयलर चालत नाही?”

“बॉयलर चालस. बॉयलरवाला चालत नही.”

मी मुकाट्याने चिठ्ठीवर ‘जीव’ लिहून गुळाच्या डब्याला चिकटवली. वजनकाट्यावरच्या माणसाचा चष्मा जीव. शेठजींच्या दिवाणखान्यातलं घड्याळ दुरुस्तीला आलं होतं, ते शेपूट. हेही एक वेळ ठीक. पण या जागा कायमच्या नसत. संध्याकाळी मी ग्रीसचा डबा ‘पाय’ म्हणून ठेवावा, तर सकाळी तो कुलपाआड जीवात.

“हे कधी बदललं?”

“गफूर मिस्तरीनी बायको माहेरले गयी.”

याचा ग्रीसशी संबंध काय, हे मला दुपारपर्यंत कळेना. बायको घरी नसली की मिस्त्रीचं कामात लक्ष नसतं, तो ग्रीस दुप्पट थापतो, मग डबा लवकर संपतो, असं ते गणित होतं. बायको परत आल्यावर डबा पायात यायला हवा होता. तो शेपटात गेला. का, ते मी विचारलंच नाही. माणसाने किती सोसावं?

नानांच्या या तीन भागांत माणसंही असत. सांडलेला कापूस झाडणारी काशीबाई जीव, कारण कापसाचा केर साठला की आग लागायला ठिणगी पुरे. शेठजी शेपूट. हे मात्र हळू आवाजात. एकदा धीर करून मी स्वतःबद्दल विचारलं. नानांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “पाय.” मला बरं वाटलं. मग म्हणाले, “डावा.”

आणि मग शेठजींचे जावई मुंबईहून आले. त्यांनी कोठार पाहिलं, निंबाखालचं चाक पाहिलं, आणि कोंबडी पाहिल्यावर कपाळाला हात लावला. आठवड्याभरात नानांना निरोपाचा नारळ मिळाला. “वयही झालंय तुमचं, नाना. आता आराम करा,” असं जावईबापू नरमाईनेच म्हणाले. महाग माल आत, स्वस्त माल बाहेर, प्रत्येक फळीवर नाव, अशी नवी मांडणी झाली.

वाचकांना वाटत असेल की चार दिवसांत कारखाना बंद पडला आणि जावईबापू नानांच्या पाया पडले. आम्हीही त्याचीच वाट पाहत होतो. तसं काही झालं नाही. सगळं मागितल्याबरोबर सापडू लागलं. वादीसुद्धा भरपूर आणून ठेवलेली होती. माझं काम निम्म्यावर आलं, आणि तरी मला चैन का पडत नाही हे मला उमगेना.

नाना रोज सकाळी भोंगा झाला की फाटकाशी येऊन उभे राहत. किल्ल्यांशिवाय ते आले की आवाजच होत नसे. मी दिसलो की विचारत, “भाऊ, काही अडनं का?”

“नाही, नाना.”

“चांगलं शे,” म्हणत आणि तरी उभेच राहत. घरी त्यांचं कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी पहूरला दिलेली. भरलं घर, सासू, जावा. तिथेही यांच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. रोज त्या म्हाताऱ्याला ‘नाही’ सांगून मी घाईघाईने आत सटकायचो.

शेवटी मी आणि गफूर मिस्त्रीने ठरवलं. एका सकाळी मधल्या ओळीचा पट्टा उतरला, ती सगळी यंत्रं थांबली आणि मी फाटकाकडे धावलो. “नाना, अडलंय हो!”

नाना पळत आले. खरंच पळत. पट्टा उचलून त्यांनी शिवणीवर बोट फिरवलं. वादी झिजून तुटली नव्हती. कुणीतरी सुरीने सफाईने कापलेली होती. नानांनी गफूरकडे पाहिलं. गफूर छपराच्या पत्र्याकडे पाहत होता. मी वादी आणून दिली. नानांनी मांडी घातली आणि घाई न करता तो पट्टा शिवला, दोनदा ओढून पाहिला. कपाशी घालणाऱ्या बाया तेवढा वेळ यंत्रांपुढे हात बांधून बसल्या होत्या.

यंत्रं सुरू झाली. नानांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि जाता जाता आमच्या दोघांजवळ थांबले.

“मिस्तरी, परत असं नको करजो. बायास्नी मजुरी बुडस.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी तसाच येत जासू. चहाले.”

ते येत राहिले. काही अडलं का, हे मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मीच सांगू लागलो. थोरलीचं लग्न जमत नव्हतं, धाकट्याचा खोकला हटत नव्हता, बायकोने अबोला धरला होता. अडलेलं माझ्याकडे पुष्कळ होतं. नाना बशीतला चहा फुंकत ऐकून घेत आणि म्हणत, “आधी पोऱ्याना खोकला.”