दुधाच्या चार कुप्या

फोन ठेवला तेव्हा रुचिराचा चेहरा असा उतरला होता, की तिच्या सासूबाईंच्या, सुगंधाबाईंच्या, हातातली लसणीची पाकळी सोलायची तशीच राहिली.

"काय झालं गं?"

"त्या अभ्यासवाल्या डॉक्टर दीप्ती. माझ्या दुधात काहीतरी भलतंच सापडलंय म्हणाल्या. फोनवर नको, चार वाजता घरीच येतायत."

सुगंधाबाईंनी मान खाली घालून पुन्हा लसूण सोलायला घेतला. कारण ते 'भलतं' काय होतं, हे नाहूरच्या त्या अकराव्या मजल्यावर फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

झालं होतं असं. बाळ आठव्या महिन्यातच जन्माला आलं, जेमतेम पावणेदोन किलोचं. लवकर जन्मलेल्या बाळांच्या आयांचं दूध तपासायचा एक अभ्यास चालला होता, त्यात रुचिराने नाव दिलं. आईच्या दुधात मायक्रोआरएनए नावाचं काहीतरी अतिसूक्ष्म असतं, हे तिने सासूला समजावून सांगितलं होतं. "चिठ्ठ्याच समजा ना, आई. बाळाच्या पेशींना सांगतात, हे काम चालू ठेव, ते थांबव. बाळाच्या पोटाला, प्रतिकारशक्तीला त्याची मदत होत असावी असा अंदाज आहे. तेच तपासतायत."

चिठ्ठ्यांचं सुगंधाबाईंना लगेच पटलं. दूध बाळाशी बोलतं, यात नवल ते काय? त्यांना धास्ती वेगळीच होती. एवढ्याशा जिवाचं दूध चार कुप्यांत भरून परक्याच्या हाती घराबाहेर जायचं! लालबागच्या चाळीत, गिरणीच्या भोंग्यावर दिवस उजाडायचा त्या काळात, शेजारच्या तान्ह्यासाठी वाटीभर दूध द्यायचं तरी त्यांच्या सासूबाई तुळशीचं पान टाकल्याशिवाय वाटी उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसत. दृष्ट लागते, दूध आटतं. म्हणून दूध न्यायला माणूस येणार होता त्या शुक्रवारी रुचिरा कुप्या ओट्यावर ठेवून आंघोळीला गेली आणि सुगंधाबाई बाल्कनीतल्या कुंडीकडे. कुपी बोटाएवढी, तिच्यात पान कसं मावणार? त्यांनी ते चुरगळून प्रत्येक कुपीत एकेक थेंब रस पिळला, झाकणं घट्ट लावली आणि हात जोडले.

आता हे सांगायचं कसं? बाराव्या दिवशी बाळाला मध चाटवायला त्यांनी बोट पुढे केलं होतं, तेव्हाच रुचिराने बजावलं होतं, "आई, पुन्हा मला न विचारता काही केलंत ना, तर मी बाळाला घेऊन पार्ल्याला माहेरी जाईन. परत कधी येणार ते विचारू नका."

बारा वाजता बाळ भुकेने उठलं. रुचिरा त्याला जवळ घेईना.

"काय निघालंय कोण जाणे! डॉक्टर सांगेपर्यंत नको."

सुगंधाबाईंचा मुलगा सर्वेश घरूनच काम करत होता. तो धावत खाली जाऊन पावडरचा डबा आणि बाटली घेऊन आला. बाळाने पहिला घोट त्याच्या शर्टावर उडवला आणि घर डोक्यावर घेतलं. सर्वेशने मोबाइल काढला.

"यार, वाट लागली. दुधात पारा असू शकतो. माशांतून येतो म्हणे."

"काल मी बांगडा खाल्ला," रुचिरा रडकुंडीला आली.

"बांगड्याने काय घोडं मारलंय तुमचं?" सुगंधाबाई म्हणाल्या.

"शिसंसुद्धा असतं, जुन्या भांड्यांतून. आई, तुझा तो पितळी टोप कुठाय?"

अर्ध्या तासात जेवणाच्या टेबलावर टोप, मसाल्याची बरणी आणि हळिवाचे लाडू ओळीने मांडले गेले. पोलिसांनी मुद्देमाल मांडावा तसे. सर्वेश फोटो काढत होता. डॉक्टर फोन उचलत नव्हत्या. बाळाचा आवाज आता बसायला लागला होता, आणि तो बसका आवाज सुगंधाबाईंना काही केल्या ऐकवेना. घाबरल्या की त्यांच्या तोंडून मालवणीच यायची.

"पाज गो बाय त्याका! तुझ्या दुधात कायएक खोट नाय. खोट माझ्यात आसा."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

रुचिराने बाळाला छातीशी घेतलं. घरात फक्त चुटूचुटू आवाज. बाळ झोपल्यावर ती म्हणाली, "चार वाजता डॉक्टरांना तुम्हीच सांगा." आणि तिने कपाटावरची बॅग काढली.

डॉक्टर दीप्ती आल्या त्या बसायच्या आधीच बोलायला लागल्या. "अहो, तुमच्या दुधात वनस्पतीचे मायक्रोआरएनए आहेत! आधी वाटलं, आमच्याच लॅबमध्ये काहीतरी मिसळलं. पण नाहूर, मुलुंड, भांडुप, घाटकोपर, मिळून अकरा जणींच्या दुधात हेच! आईने खाल्लेल्या पाल्याच्या चिठ्ठ्या थेट बाळापर्यंत पोचत असतील, तर केवढी गोष्ट आहे! तुम्ही पालेभाजी कुठली खाता?"

"डॉक्टर," सुगंधाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "तो पाला तिने खाल्ला नाही. मी घातला."

त्यांचं सांगून होईपर्यंत डॉक्टरांचं पेन हवेतच होतं. मग त्यांनी फाइलमधली यादी काढली. प्रत्येक नावापुढे घरची माणसं लिहिलेली होती. त्या बोट ठेवत खाली गेल्या. सासू. सासू. आई. आजेसासू. सासू.

"म्हणजे अकराही घरांत सासवा-आयांनीच...?" सर्वेशने विचारलं.

"दहा," डॉक्टर पुटपुटल्या. "एक घाटकोपरचे आजोबा आहेत."

मग त्यांनी आपल्या सासूबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "आई, मी लॅबमध्ये तुलनेसाठी माझं स्वतःचं दूध नेलं होतं ना, त्यात तुम्ही काही घातलं होतंत?"

"घातलं की!" कांदिवलीहून खणखणीत आवाज आला. "तू घाईत तशीच निघाली होतीस. लक्ष कुठे असतं तुझं?"

रुचिराने ओठ आवळून धरले होते, पण खांदे हलायला लागले. शेवटी ती हसत सुटली, आणि बाळ जागं होईल म्हणून सर्वेशने तिच्या तोंडावर उशी धरली.

"सगळ्यांचे नमुने पुन्हा घ्यावे लागणार," डॉक्टर म्हणाल्या. त्यांची नजर दाराशी भरून ठेवलेल्या बॅगेवर गेली. "तुम्ही कुठे निघालात का? माणूस कुठल्या पत्त्यावर पाठवू?"

सुगंधाबाईंनी बॅगेकडे पाहिलं, मग रुचिराकडे.

रुचिराने डोळे पुसले. "याच. फक्त त्या दिवशी आईंना सकाळपासून कुठेतरी बाहेर पाठवायला हवं."

"माझ्या सासूबाईंनाही पाठवायचंच आहे. दोघींना एकत्रच गाडी करून देऊ, दुपारी बाहेरच जेवतील."

सुगंधाबाई एकदम मोकळं हसल्या. मग जरा काळजीने त्यांनी विचारलं, "पण त्या मासे खातात ना?"